कारमधली खुडूक कोंबडी

परवा कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला आणि मंठ्याची आमची शेड आठवली. मी मोटारसायकलवर फिरायचो, म्हणून कार विटांवर चढवून, आत डांबरगोळ्या टाकून वर्षभर झाकून ठेवली होती. मेव्हण्याच्या लग्नाला बदनापूरला कारनंच येणार, असं सासरी हजारदा सांगून ठेवलेलं. त्या सकाळी ताडपत्री काढली, तर हवेसाठी उघड्या ठेवलेल्या काचेतून शिरलेली कोंबडी मागच्या सीटवर डझनभर अंडी उबवत बसलेली. डांबरगोळ्यांना उंदीर भ्याले, ही न्हाई.

"उठवू हिला?"

"बिलकुल न्हाई," बायको म्हणाली. "मोटारसायकल काढा."

"मंग सासरी काय सांगू?"

"कार बाळंतपणाला गेली म्हणा."

बदनापूर येईपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता. कार केव्हाच विकली. तो खांदा मात्र अजून चार बोटं वरच आहे.