पुढच्याची चूक, मागच्याची चूक

वही ज्या कामासाठी घ्यावी त्याच कामाला राहिली, असं माझ्या बाबतीत कधी झालं नाही. ही जाड वही मी घेतली ती मोटार रेसमधल्या टकरी लिहायला. कोणत्या वळणावर कोण कोणाला धडकलं आणि आमच्यापैकी कोणी कोणाला दोषी धरलं, एवढंच त्यात यायचं होतं. पण माणसं टकरीबद्दल बोलता बोलता दुसरंच काही बोलून जातात, आणि ऐकलेलं जसंच्या तसं उतरवायची मला खोड. आता वही उघडली की रेस थोडी आणि बाकीचंच जास्त!

आम्ही चौघं. गजाननराव रेल्वेतून रिटायर झालेले लोको पायलट. चौबे कॉलोनीतला हॉल त्यांचा आणि टीव्हीही त्यांचाच. दिलीपचं गुढियारीत मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान, मागे छोटं गॅरेज. माझी भाची मीनल कॉलेजात शिकवते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. आणि मी, सरकारी ऑफिसात फायली सांभाळणारा.

रविवारी संध्याकाळी रेस संपली की आमचं कोर्ट बसतं.

*

कोर्टाचा नियम गजाननरावांनी केला, तो भांडण मिटवायला. दिलीप लाल गाडीवाला, मीनल निळ्या गाडीवाली. एका रेसमध्ये लाल गाडीनं निळीला भिंतीत घातलं. दिलीप म्हणाला, "त्यानं जागा काहून नाही दिली?" पुढच्याच रेसमध्ये निळीनं लालला तस्संच घातलं. दिलीप उभाच राहिला, "आंधळा आहे काय तो? दिसत नाही काय त्याले?"

"भैया, पिछली बार तो आप उल्टा बोल रहे थे!"

"पिछली बार की बात अलग थी।"

गजाननरावांनी रिमोट उचलून उशीखाली ठेवला. "आजपासून नाव बंद, रंग बंद. फक्त पुढचा आणि मागचा. टक्कर एकदाच पाहायची, चिठ्ठीवर निकाल लिहायचा, मंग रिप्ले."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच चारही चिठ्ठ्यांवर एकच निकाल आला. दिलीप चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाला, "नाव काढलं तर मजाच गेली ना राव!"

*

तरी सगळ्यांत कडक निकाल दिलीपचाच असे. पुढची गाडी वळायला लागली आणि मागच्यानं नाक घुसवलं, की मागचा दोषी. रस्ता ओला असो नाहीतर टायर झिजलेले असोत, सूट नाही. "मागच्याले पुढचा दिसते. पुढच्याले मागचा दिसत नाही. विषय संपला!" मीनल त्याला जज साहेब म्हणायची.

एकदा मागच्या गाडीचा पोरगेला ड्रायव्हर रेसनंतर कॅमेऱ्यासमोर रडला. मीनलचेही डोळे भरले. दिलीप आलूगुंडा, म्हणजे आपला बटाटेवडा, खात होता. खाता खाताच म्हणाला, "रडल्यानं गाडीची लाईन बदलत नाही!"

*

मीनलनं एकदा रिप्ले पाहून सहज विचारलं, "काका, इतना टाइम था उसके पास। ब्रेक क्यों नहीं मारा?"

"मारला त्यानं," गजाननराव म्हणाले. "ब्रेक लागणं आणि गाडी थांबणं, याच्या मधात एक जागा असते. माझी सारी नोकरी तिथंच सरली."

तिनं विचारायला नको होतं, पण विचारलं. "आपके इंजन के सामने कभी कोई...?"

गजाननराव चहा गाळत होते. गाळून झाला, कप भरले, तिच्या हातात एक दिला. "किती ते मोजलं नाही मी. पहिल्याच्या अंगात चौकटीचा शर्ट होता. वरचं बटन तुटलेलं. लोक म्हणतात वेळ नसते. वेळ असते ना बेटा. करायला काही नसते!"

त्या रविवारी कोणी चिठ्ठी लिहिली नाही.

*

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी बीरगांवच्या रस्त्यावर दिलीपच्या कारनं एका मोटरसायकलला धडक दिली. मोटरसायकल पुढे होती, ती उजवीकडे कारखान्याच्या गल्लीत वळत होती. दिलीप नेमका तिच्या उजवीकडूनच ओव्हरटेक करत होता. चालवणारा खेमलाल नावाचा फिटर, ड्यूटीवर निघालेला. दिलीपनं त्याला स्वतःच्याच कारमध्ये घालून दवाखान्यात नेलं. आठव्या दिवशी खेमलाल गेला.

पाहणारं कोणी नव्हतं, कॅमेराही नव्हता. म्हणून केसमध्ये प्रश्न एकच उरला. वळताना खेमलालनं इंडिकेटर दिला होता की नाही? दिला असेल तर दोष दिलीपचा. दिला नसेल तर तो सुटू शकेल, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं.

धडकेच्या सकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दिलीप बाकावर बसला होता. शर्टाची एक बाही पूर्ण लाल. मला म्हणाला, "भाऊ, त्यायनं फॉर्म भराले दिला. पेशंटशी नातं काय, असं विचारलं होतं त्यात. मले काही सुचलंच नाही."

"मग काय लिहिलंस?"

"मागची गाडी."

*

पुढे काही महिने तो आमच्याकडे आलाच नाही. आला त्या दिवशी रेसमध्ये अगदी साधी टक्कर झाली, मागच्यानं पुढच्याला ठोकलं. तीन चिठ्ठ्यांवर 'मागचा'. दिलीपच्या चिठ्ठीवर 'दोघांचीही चूक नाही'.

"जज साहब, तबीयत तो ठीक है?" मीनल बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. दिलीप हसला, म्हणजे त्याचे दात दिसले.

त्यानंतर प्रत्येक रेसला त्याची चिठ्ठी तीच. टक्कर कशीही असो. एकदा तर मागच्या ड्रायव्हरनं रेडिओवर आपल्या टीमला सांगितलं, चूक माझी होती, मी उशिरा ब्रेक मारला. हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. दिलीपनं तरी चिठ्ठी टाकली, 'दोघांचीही चूक नाही'.

गजाननराव चिडले. "अरे, तो स्वतः कबूल करून राहिला ना!"

"हो. पण त्याले एवढी घाई काहून आहे?" दिलीप म्हणाला.

*

दिलीपच्या बयानाची, म्हणजे कोर्टातल्या जबाबाची, तारीख जवळ आली तेव्हा तो म्हणाला, माझी प्रॅक्टिस घ्या. गजाननराव सरकारी वकील झाले, आम्ही दोघं ऐकायला.

"मोटरसायकल अचानक वळली. इंडिकेटर नव्हता," दिलीपनं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

मी वही चाळत होतो. दवाखान्यातल्या त्या दिवसाचं पान समोर आलं, आणि मी ते वाचलं. "तू मला त्या दिवशी म्हणाला होतास, 'मले इंडिकेटर दिसला नाही.'"

"मंग? एकच झालं ना ते!"

"एक नाही होत," गजाननराव वकिली सोडून आपल्या आवाजात बोलले. "सिग्नल दिसला नाही, असं मी लिहून दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. सिग्नल नव्हता, असं लिहून दिलं असतं तर सिग्नलवाल्याची!"

दिलीप माझ्याकडे वळला. "वही कोर्टात नेऊन राहिले काय, भाऊ?"

"नाही रे."

"मंग लिहिता कशाले?"

मी वही मिटली. तो चप्पल घालून निघाला. दारात थांबून म्हणाला, "खरं सांगू? मलेच माहीत नाही. रोज पाहतो मी ते डोळे मिटून. कधी बत्ती असते, कधी नसते. वकील विचारते तेव्हा नसते."

*

बयान सोमवारी होतं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, दिलीपला रेस पाहायला घेऊन जावं म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो. मागे गॅरेजमध्ये तो एका मोटरसायकलवर वाकलेला. शेजारी पाटावर एक विशीतला तरुण बसलेला. दिलीपनं मान वर न करता सांगितलं, "हा तोमन. खेमलालचा भाऊ."

मग हळूहळू कळलं. मोटरसायकल इतके महिने ठाण्याच्या आवारात पडून होती. तपासणी झाली, आणि ती घरच्यांच्या ताब्यात मिळाली. खेमलालच्या जागी आता तोमन कारखान्यात लागला होता आणि त्याला जायला यायला गाडी हवी होती. दिलीपनं निरोप धाडून विचारलं होतं, मी काय करू? त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, जाणत्यांनी उलट निरोप दिला, आणखी काही नको, गाडी तेवढी बनवून द्या. तोमन मालवाहू ऑटोत घालून ती घेऊन आला होता.

दिलीपनं आपल्या मेकॅनिकला हात लावू दिला नव्हता. उजवी बाजू सगळी फुटलेली. त्यानं फोर्क सरळ केला, फुटरेस्ट बदलला, उजवीकडचे दोन्ही इंडिकेटर फुटून लोंबत होते ते काढून नवे बसवले, वायर जोडल्या. प्रत्येक पार्ट पुसून बसवत होता, जसा नव्या गाडीचा. डाव्या बाजूला अजून हात गेला नव्हता. डाव्या मुठीवर, तिथल्या हॉर्न-इंडिकेटरच्या बटनांवर ठाण्यातली लाल धूळ तशीच घट्ट बसलेली.

"हमर भैया गाड़ी ला रोज पोंछय," तोमन म्हणाला. आपला भाऊ रोज गाडी पुसायचा, असं. कोणाला ऐकवायला नाही, नुसतंच.

दिलीपनं मान डोलावली. "दिसून राहिलं."

शेवटी बॅटरी राहिली. जुनी पार मेलेली. दिलीपनं नवी ठेवली, दोन्ही टोकं आवळली, हात पुसले. "चाबी दे."

तोमननं शर्टाच्या खिशातून किल्ली काढून दिली. दिलीपनं ती घातली आणि फिरवली. हॉर्न तपासायला अंगठा डाव्या मुठीकडे नेला, तो अर्ध्यातच थांबला.

टिक. टिक. टिक.

मीटरमधला हिरवा बाण लागत होता, विझत होता. पुढचा उजवा इंडिकेटर, मागचा उजवा इंडिकेटर. आत्ताच त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेले.

तोमन पाटावरून उठला. "बटन ला तो कोनो नइ छुए हे, भैया." बटनाला कोणीच हात लावलेला नाही, असं.

दिलीपनं वाकून डावी मूठ पाहिली. मीही पाहिली. इंडिकेटरचं बटन उजवीकडे सरकलेलं होतं आणि त्याच्यावरच्या धुळीवर बोटाचा एकही ठसा नव्हता. दिलीप तसाच खाली, फरशीवर बसला. टिक टिक चालूच होतं.

मग तोमननं बंद करायला हात पुढे केला. दिलीपनं त्याचं मनगट धरलं.

"रहने दे," तो म्हणाला. "कल मेरा बयान है। अपने पिताजी को बिठाकर इसी गाड़ी से कचहरी आना। यह बटन मत छूना।"

तोमननं त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "रस्ता भर चालू रहिही का, भैया?"

"हव," दिलीप म्हणाला.