काळी एकची अंगाई

नळदुर्गच्या स्टँडवर सोलापूरची एसटी लागली, तेव्हा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, काखेत भजनाची पेटी होती. "घेऊन जा," म्हणाले. विमानात एवढं वजन चालत नाही, असं मी सांगितलं. खरं तर मला पियानोवालीला पेटीची लाज वाटत होती. "ऱ्हाऊ दे मग. तिथं लई मोठी पेटी असंल तुला," एवढंच बोलले.

त्याला नऊ वर्षं झाली. आता मी व्हिएतनाममध्ये, हनोईत, पियानो शिकवते. दिवसभर लोकांच्या लेकरांच्या बोटांना वळण लावायचं, स्कूटरवरून खोलीवर यायचं, वाडगाभर फो, म्हणजे इथलं शेवयांचं सूप, पोटात ढकलायचं आणि आडवं व्हायचं. अंग नुसतं आंबून जातं. गाव सोडलेल्यांना हे काय वेगळं सांगायचं म्हणा!

यंदा मी इथल्या लोकांनी पियानोसाठी बांधलेल्या रचना हाती घेतल्या. त्यात एक अंगाई आहे. सूर पाचच, पण ते एकमेकांत घसरत जातात, आणि पियानोची पट्टी काही घसरत नाही. महिनाभर घासली. शाळेतल्या लान नावाच्या बाई ऐकून म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण बाळ झोपणार नाही." असा संताप आला!

तिकडं गावी आई गेल्यापासून अण्णांनी पेटी उघडली नव्हती. फोनवर "व्हय", "न्हाय", बस्स. माणूस असाच मिटून जाईल, याची मला धास्ती होती. एका रविवारी बोलायला काही उरलं नाही, म्हणून फोन पियानोवर ठेवला आणि अंगाई वाजवली.

"तोंड का शिवलंस गं?" अण्णा म्हणाले. "पेटी कधी एकटी गाती व्हय? दोन पट्ट्यांमधलं गळ्यानं भरायचं असतंय."

लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी तेच करायचे. पुढं पुण्याच्या क्लासात वाजवताना गुणगुणते म्हणून बोलणी खाल्ली, तेव्हा मिटलेले ओठ मिटलेलेच राहिले. पुन्हा वाजवली, गुणगुणत. सूर घसरले. मला रडू आवरेना.

पलीकडं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पेटीचा भाता फुसफुसला.

"तुझी पट्टी मला झेपत न्हाय. काळी एकवर ये."

पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून आले. मागोमाग अण्णांचा फाटका आवाज आला, शब्दांशिवाय.

आता कार्यक्रमातही मी ती अंगाई काळी एकमधूनच वाजवते. छापील कागदावर दुसरीच पट्टी आहे; लान बाई कुरकुरतात. कुरकुरू देत. घर म्हणाल तर माझ्यासाठी आता ती एक काळी पट्टी. तिथं अण्णांचा गळा पोचतो.