पाण्याला भिणारी आत्या

भिलाईत जिथे जिथे म्हणून पाणी साठतं, त्या सगळ्याची काळजी एकट्या माझ्या आत्याने वाहिली आहे. हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी आली की चप्पल काढायच्या आधी ती न्हाणीघरात डोकावते. भरलेली बादली दिसली की, "रिकामी कर बाप्पा, लेकरू आहे घरात!" चहा त्यानंतर. लग्नाचं आमंत्रण आलं की मुहूर्ताआधी ती मांडवाजवळ विहीर आहे का ते विचारते. एका वधूपित्याला तर तिने विहिरीवर जाळी बसवायला लावली. वरात दाराशी ताटकळली. आत्याने जाळी दोनदा ओढून पाहिली, मगच अक्षता हातात घेतल्या.

पन्नाशी उलटल्यावर ती स्वतः पोहायला शिकली, सलवार-कमीज घालून, दात वाजवत. मग दर रविवारी गल्लीतल्या मुलींना स्विमिंग पूलवर नेऊ लागली. सफाईदार पोहण्यात तिला रस नव्हता. पाण्यात पडलं की उताणं व्हायचं, कान बुडू द्यायचे, छातीत हवा भरून पडून राहायचं, एवढंच ती घोटून घ्यायची. माझी आठ वर्षांची चिनू कुरकुरायची, "आजी, बोर हो रहा है."

"होऊ दे. पण हातपाय झाडू नको."

गेल्या हिवाळ्यात एका नातेवाइकांकडे जेवणासाठी आम्ही जवळच्या खेड्यात गेलो होतो. स्वयंपाकाची चूल तलावाच्या काठावरच मांडली होती. तलावाच्या पायरीवर चिनू हात धुवायला वाकली आणि शेवाळावरून घसरून आत गेली. डोकं वर आलं, पुन्हा गेलं. मला पोहता येत नाही, तरी मी धावलो. आत्याने मागून शर्ट धरला.

"तुले पोहता येते का? मंग थांब!" आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "चिनू, झोप! पाण्यावर झोप! आभायाकडे पाह्य!"

पोर धडपडली, खोकली आणि उताणी झाली. पांढरं पडलेलं तोंड तेवढं पाण्याबाहेर दिसत होतं. आत्याने चुलीजवळचा तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा झाकण लावून तिच्याकडे फेकला. तो पोचला नसता तर आत्या स्वतः उतरणारच होती. पदर खोचलेला होता. चिनूने डबा छातीशी कवटाळला. तोवर काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईने लांब बांबू आणला आणि मी पायरीवर पालथा पडून तो पुढे केला; तो धरून चिनू पायरीला लागली. ते आठ-दहा हातांचं अंतर अजूनही मला दचकून जागं करतं.

थोड्या वेळाने चिनू शाल गुंडाळून भजी खात होती. आत्या मात्र अजून पायरीवरच बसून होती. चहाचा कप तिने बाजूला ठेवून दिला होता.

"आत्या, झालं ना आता सगळं नीट," मी म्हटलं.

ती पाण्याकडे पाहतच बोलली. "तुह्या बाबाच्या पाठची आमाले एक बहीण होती. खुर्सीपारले बांधकामाचा हौद भरून ठेवला होता, त्यातच बुडाली ते. मी काठावरच उभी होती रे. काय ओरडावं, तेच मले माहीत नव्हतं."

बाबांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. मी तिचं नाव विचारलं. आमच्या घरात इतकी वर्षं कुणी न उच्चारलेलं ते नाव आत्याने इतक्या हळू घेतलं, की मला पुन्हा विचारावं लागलं.