उजाडू द्या, मग बघू

भीती या विषयावर अधिकारवाणीने बोलावं असा माणूस उभ्या अहिल्यानगर जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे मेव्हणे. माझ्या बायकोचे हे थोरले बंधू. राहात्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक टेम्पोत घालून आणतात आणि हे त्यांत नवी तांब्याची तार भरून त्या पुन्हा फिरत्या करून देतात. जन्मभर विजेशी गाठ, पण घरातलं पंख्याचं बटण हा गृहस्थ अजून कोपरानं दाबतो, तेही आधी खाली वाकून पायांत रबरी चपला आहेत ना याची खात्री करून. दुकानाच्या भिंतीला दोन खिळे आणि दोन खिळ्यांना दोन बॅटऱ्या. एक उजेड पाडायला आणि दुसरी, पहिलीनं दगा दिला तर. लग्नाला गेले की आधी मंगल कार्यालयाचं मागचं दार कुठं उघडतं ते बघून येतात, मग हातात अक्षता घेतात. एसटीत त्यांना संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळचीच जागा लागते. तिथं कुणी बसलेलं असलं तर गाडी सोडून देतात. हेल्मेट ते मोटारसायकलवर घालतातच, पण गाडी स्टँडवर लावल्यानंतरही घराचा उंबरा ओलांडेपर्यंत डोक्यावरून उतरवत नाहीत. मी एकदा हसलो, तर मला समजावून सांगितलं, "दाजी, पडायला काय गाडीच लागती असं न्हाई."

एका पावसाळ्यात मी हौसेनं सगळ्या घराला भंडारदऱ्याला नेलं. धबधबा असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सगळे कठड्याशी, आणि आमचे मेव्हणे लांब जीपजवळ, धबधब्याकडे पाठ करून, दाराची मूठ घट्ट धरून उभे. मी ओरडून म्हटलं, "अण्णा, इथवर आलात तर बघा तरी!" तर तिथूनच म्हणाले, "आवाजावरून कळतंय की. लई मोठा हाय." पुढची गंमत अशी की राहात्याला परतल्यावर त्यांनी त्या धबधब्याचं असं काही वर्णन केलं, की शेजारची दोन कुटुंबं पुढच्याच रविवारी जीप ठरवून तिकडे गेली. न बघितलेल्या गोष्टीचं इतकं रसाळ वर्णन करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

कुठलाही निर्णय समोर आला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "उजाडू द्या, मग बघू." दुकानाची पाटी रंगवायची आहे, उजाडू द्या. दाढ दुखते आहे, उजाडू द्या. आमच्या वहिनी सांगतात, मुलगी बघायला आले होते तेव्हा वडिलांनी विचारलं, पसंत आहे का, तर यांनी मान खाली घालून हेच उत्तर दिलं होतं. "तवा सकाळचे धा वाजले हुते," असं वहिनी अजून पदर तोंडाला लावून सांगतात. वहिनींच्या वडिलांनी तो होकार समजून नारळ फोडला म्हणून बरं, नाहीतर हे आजही उजाडायची वाट बघत त्या ओसरीवर बसलेले असते.

या माणसाच्या पोटी प्राजक्तासारखी मुलगी यावी हा देवाचा खट्याळपणाच. एकुलती एक. पुण्याला जाऊन ती कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकली आणि दोन मैत्रिणींना घेऊन तिनं एक गेम तयार केला. तोही कसला, तर भीतीचा. गोष्ट साधी आहे. एक बंद पडलेला साखर कारखाना, त्याच्या फाटकाशी वॉचमनची केबिन. त्या केबिनमध्ये एक मुलगी एकटी अडकलेली आणि बाहेर मिट्ट काळोख. तिनं बाहेर पडून, अख्खं आवार ओलांडून बॉयलरपर्यंत जायचं आणि कारखान्याचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की सुटली. आवारात मात्र काहीतरी फिरत असतं. ते शेवटपर्यंत धड दिसत नाही, नुसतं आपल्यामागे उसाच्या वाळल्या पाचटावर पाय पडल्याचं ऐकू येतं. मुलीजवळ हत्यार नाही. असते ती एक बॅटरी, आणि तीही हळूहळू मंदावत जाणारी. केबिनमध्ये एक लाल बल्ब लागलेला असतो आणि तो आहे तोवर ते आत येत नाही, एवढाच काय तो आधार.

हा गेम बंगळूरच्या एका कंपनीला पसंत पडला आणि त्यांनी प्राजक्ताला नोकरीला बोलावलं. घरात पेढे आले. मेव्हण्यांनी पेढा खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, "उजाडू द्या, मग बघू." पोरगी एकटी, तेही बंगळूरला, या कल्पनेनंच त्यांचा चेहरा उतरला होता. पण नाही म्हणायलाही धीर लागतो, तो कुठून आणणार? शेवटी त्यांनी एक तोड काढली. "कंपनी म्हनती गेम भीतीचा हाय. शहरातली मानसं कशालाबी भित्यात. भीती काय आसती ते मला इचारा. मी सोता खेळनार. मला भ्या वाटलं तर तुझी कला खरी, मग तू खुशाल जा. न्हाई वाटलं तर जायाचं नाव काढायचं न्हाई." प्राजक्तानं हसत हसत हात पुढे केला आणि बापाच्या तळव्यावर टाळी दिली. तिचं तरी काय चुकलं? घरातली पाल ज्यांना पळवते त्यांना घाबरवायला असं काय लागणार होतं!

पुढच्या आठवड्यात मी नगरहून राहात्याला गेलो तो थेट दुकानातच शिरलो. टळटळीत दुपार. शटर निम्मं ओढलेलं, टेबलावर मोटारींच्या शेजारी प्राजक्ताचा लॅपटॉप, आणि समोर स्टुलावर आमचे मेव्हणे, डोक्याला हेल्मेट घालून.

"कुठवर आलं, अण्णा?"

"केबिनमधी हाय."

"अजून? बाहेर कधी पडणार?"

"बाहेर अंधार हाय दाजी. उजाडू द्या, मग बघू."

मी आधी हसलो, मग माझ्या ध्यानात आलं की हा माणूस खरोखरच गेममध्ये उजाडायची वाट बघत बसला होता. रोज दुपारी लॅपटॉप उघडायचा, त्या मुलीला केबिनच्या खिडकीशी उभं करायचं आणि आपण मोटारीत तार भरत अधूनमधून खिडकीकडे नजर टाकायची. गिऱ्हाइकांनाही हे माहीत झालं होतं. मोटार न्यायला आलेला माणूस आधी विचारायचा, "उजाडलं का हो?" आणि हे गंभीरपणे म्हणायचे, "न्हाई अजून." मी त्यांना म्हटलं, अहो, गेममध्ये उजाडत नसतं, प्राजूनं त्यात ती सोयच केलेली नाही. त्यावर माझी कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "रात हाय म्हंजी उजाडनारच की. आजवर कवा उजाडायचं र्‍हायलंय का?"

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि डोक्यावर हेल्मेट चढवून निकाल दिला. "काय बी भीती न्हाई या गेममधी. लई निवांत हाय. काल तर त्या केबिनमधी मला झोप लागली." प्राजक्ताचा चेहरा खर्रकन उतरला. बंगळूरला सोमवारी उत्तर कळवायचं होतं. ती वाद घालणाऱ्यांतली असती तर बरं झालं असतं. पण टाळी दिली होती, ती मोडायची कशी! माझा मात्र तोल गेला. दार न उघडता कसली परीक्षा घेतली म्हणता, असं म्हणून मी मेव्हण्यांना उठवलं, स्वतः स्टुलावर बसलो आणि त्या मुलीला तरातरा केबिनबाहेर काढलं. थोडं चाललो असेन नसेन, मागे पाचट वाजलं. पुढचं मी थोडक्यात सांगतो: माझा चष्मा वहिनींना मोटारींच्या ढिगाखाली सापडला. मी घाम पुसत ओरडलो, "भयंकर आहे हा गेम! मला भीती वाटली!" तर मेव्हणे शांतपणे म्हणाले, "तुमचं मत धरता येत न्हाई दाजी. तुमी नगरचे."

सगळे हसले, एकटी प्राजक्ता सोडून. तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला तिथं झोप का लागली?"

"कुनास ठावं. आपलंच वाटतं तिथं."

"मग नीट बघा ना एकदा."

पडद्यावर पुन्हा केबिन आली होती. मेव्हणे पडद्याकडे वाकले. मीही वाकलो. मघाशी बाहेर पळायच्या नादात मी केबिन बघितलीच नव्हती. आत एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर गोणपाटाची घडी. कोपऱ्यात माठ, माठावर पिवळा प्लास्टिकचा मग पालथा घातलेला. भिंतीला दोन खिळे. आणि वर देवाच्या फोटोपुढे तो लाल बल्ब. मेव्हण्यांनी मान वळवून आपल्या दुकानाकडे बघितलं. स्टूल, गोणपाट, माठ, पिवळा मग, खिळे. इन्व्हर्टरवर चालणारा, लाइट गेली तरी न विझणारा तो लाल बल्ब.

"लहानपणी लाइट गेली की मी इथं पळत यायचे," प्राजक्ता म्हणाली. "इथं मला कधीच भीती वाटली नाही. गेममध्ये एक अशी जागा लागते, जिथं आपल्याला काही म्हणजे काही होणार नाही. मला दुसरी सुचलीच नाही."

मेव्हण्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसून केबिनचं दार उघडलं.

ती मुलगी अंधारात चालू लागली. मेव्हण्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. मागे पाचट वाजलं. हे थांबले, तसं तेही थांबलं. हे निघाले, तसं तेही निघालं. बॅटरीचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला, आणि मेव्हणे कळवळून ओरडले, "दुसरी ब्याटरी! प्राजू, पोरीची दुसरी ब्याटरी कुठंय?"

"दुसरी नाहीये बाबा."

"न्हाई म्हंजी?" एवढंच ते म्हणाले. पाचट अगदी कानाशी वाजलं, त्यांनी फोडलेली आरोळी नगर-मनमाड रस्त्यापर्यंत गेली असेल, स्टूल आडवं झालं, आणि बाहेर झेपावताना निम्म्या ओढलेल्या शटरवर त्यांचं डोकं असं आपटलं की आयुष्यात हेल्मेटची खरी गरज होती ती नेमकी त्याच क्षणी. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या बाकावर बसले होते, भर उन्हात कापत, कपाळाला टेंगूळ आलेलं. भोवती निम्मा बाजार जमला होता. समोर जाऊन उभ्या राहिलेल्या लेकीकडे त्यांनी बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई भ्यालो. गेम खरा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा तू."

मला वाटलं होतं की प्राजक्ता उड्या मारेल. ती बापाच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. संध्याकाळी टेंगळाला हळद लावून घेताना मेव्हणे मला म्हणाले, "दाजी, मागच्या आवाजाला न्हाई भ्यालो मी. पोरगी येकटी चाललीया आन् हातात येकच ब्याटरी, ते बघवंना." आजवर या माणसाच्या भित्रेपणावर मी पोट धरधरून हसलो होतो, आणि तो जन्मभर नुसता दुसऱ्या बॅटरीची सोय करत आला होता.

प्राजक्ता बंगळूरला गेली. निघताना तिच्या बॅगेत त्यांनी दोन बॅटऱ्या घातल्या. तिथं लाइट जात नाही असं ती सांगत होती, तर म्हणाले, "जाऊ दे न्हाई तर न जाऊ दे. आसू दे."

परवा राहात्याला गेलो होतो. मेव्हणे दुकानात एकटेच, समोर लॅपटॉप उघडा. प्राजक्तानं गेम नव्यानं करून पाठवलाय, म्हणाले, आणि सांगितलंय की बाबा, नुसतं केबिनमध्ये बसून राहा. आम्ही दोघं बसलो. चहा आला, प्यालो, एक गिऱ्हाईक मोटार टाकून गेलं. मग त्या केबिनची खिडकी थोडी राखाडी झाली. कुठंतरी कावळा ओरडला. खिडकीतून कोवळं ऊन आत येऊन त्या गोणपाटाच्या घडीवर पडलं आणि लाल बल्ब फिका दिसू लागला.

"उजाडलं दाजी," मेव्हणे म्हणाले.

त्यांनी दार उघडलं. बाहेर लख्ख आवार, बॉयलरची चिमणी, आणि नुसतं पाचट पसरलेलं. ते सगळीकडे हिंडून आले. "कुनीच न्हाई हो," ते जरा उदास होऊन म्हणाले. "सगळं मोकळं हाय." मग त्यांनी लॅपटॉप मिटला, भिंतीवरच्या दोन्ही बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मला विचारलं, "दाजी, बंगळूरची गाडी किती वाजता आसती?"