लादलं कोणी?

बाळकुमची विनिफ्रेड ठाण्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. मम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने निवृत्तीआधीच नोकरी सोडली. धाकटा भाऊ लॅन्सी कॅनडात. तो आणि त्याची बायको टान्या अधूनमधून यायचे, चॉकलेटं वाटायचे, मम्मीबरोबर फोटो काढायचे आणि जायचे. विनिफ्रेड कधी काही बोलली नाही.

मम्मीच्या नव्वदीला लॅन्सीने हॉल घेतला. सगळे नातेवाईक जमले. मम्मीला व्हीलचेअरवर बसवलं. लॅन्सीने माइक घेतला आणि अगदी मायेने म्हणाला, "माय पुअर सिस्टर हॅज बीन सॅडल्ड विथ मम्मी."

टाळ्या पडल्या. विनिफ्रेडची कानशिलं तापली.

सॅडल म्हणजे घोड्यावर खोगीर चढवणं. माणसाबद्दल वापरलं की अर्थ होतो, नको असलेलं ओझं त्याच्या गळ्यात मारणं. हे तिने कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. आणि हेही, की वाक्य असं कर्मणी फिरवलं की गळ्यात मारणारा त्यातून पसार होतो.

ती उठली आणि तिने माइक काढून घेतला.

"कोणी सॅडल केलं मला, लॅन्सी?"

"अगं विनी, बोलायची पद्धत आहे ती. तुझं कौतुकच करतोय ना!"

"कौतुक नकोय. नाव घे. पप्पा गेले तेव्हा मम्मीला न्यायला जमणार नाही, असं कोण बोललेलं? आणि आता ती ओझं?"

मम्मीला इंग्रजी येत नव्हतं. तिने विनिफ्रेडचा हात ओढला. "लॅन्सी काय बोलला माज्याबद्दल?"

गोड काहीतरी सांगता आलं असतं. विनिफ्रेडने सांगितलं नाही. "तू माझ्या गळ्यात पडलीस, असं बोलला."

मम्मीने लॅन्सीकडे पाहिलं. "मंग ने मना तुज्या घरी."

लॅन्सीने टान्याकडे पाहिलं. टान्या मोबाइल बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिफ्रेडने बॅग भरली. "तुमची सुट्टी आहे तोवर मम्मी तुमची," म्हणाली आणि डोंबिवलीला मैत्रिणीकडे, उत्तराकडे, गेली.

दुपारीच लॅन्सीचा फोन. "विनी, डायपर कसा बदलायचा?"

"मम्मीला विचार. ती सांगेल."

उत्तरा म्हणाली, "अगं, इतका राग बरा नव्हे."

"इतकी वर्षं केला नाही, म्हणून एवढा साचलाय."

ते निघायच्या दिवशी ती परतली. मम्मी स्वच्छ होती, वेणी तेवढी वेडीवाकडी. लॅन्सीचे डोळे तारवटलेले. सॉरी तो म्हणालाच नाही. "एखादी बाई ठेवूया," एवढंच म्हणाला.

"ठेव. आणि दरवर्षी महिनाभर येऊन राहा."

"बघतो."

"बघतो नको. हो की नाही?"

"हो," तो खाली बघत म्हणाला.

पुढच्या मे महिन्यात तो आला, एकटाच. विनिफ्रेडने त्याला औषधं समजावली, घराची किल्ली दिली आणि लगेच डोंबिवलीला निघाली. त्याच्याशेजारी जेवायला बसावं, इतकं तिचं मन अजून निवळलं नव्हतं.