जड पट्ट्यांचा पियानो

वर्ध्याच्या बाजारात आमचं शिलाई मशीनचं दुकान होतं. दुरुस्तीला मशीन आली की बाबा आधी चाक एकदा फिरवून बघत, आणि ते जड गेलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "बाईमाणसाच्या पायाले जड लागली तं मशीन कायची?" हे त्यांचं वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मशीन हलकी चालू लागल्याशिवाय ते ती गिऱ्हाइकाच्या हवाली करत नसत. जेवायला बसले तरी त्यांच्या बोटांना तेलाचा वास यायचा आणि आई रोज त्यावरून कुरकुरायची. आज तो वास कुठे अचानक आला की मला जागचं हलवत नाही.

अशा घरातल्या पोरीला पियानोचं वेड लागलं, याचं खापर सगळे सेवाग्रामच्या मॅडमवर फोडत. मॅडम म्हणजे तिथल्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांच्या पत्नी, केरळच्या. त्यांच्या क्वार्टरमध्ये एक जुना पियानो होता. आईला तपासणीला घेऊन गेले असताना तो मी पहिल्यांदा खिडकीबाहेरून ऐकला आणि तिथेच खिळून उभी राहिले. मग कॉलेजची सगळी वर्षं मी दर रविवारी पिपरी मेघेच्या आमच्या घरून सायकल हाणत त्यांच्याकडे जात राहिले. घरी सराव करायला काहीच नव्हतं, म्हणून मी ओट्यावर बोटं आपटायची. आई म्हणायची, एवढंच आहे तर परात घे, कणीक तरी मळून होईल.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा डॉक्टर निवृत्त झाले आणि मॅडमचं गावी परतायचं ठरलं. मला रडूच फुटलं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, डिजिटल पियानो घे, हरकत नाही, पण पट्ट्या वजनदार बघ. हलक्या पट्ट्यांवर वाजवलंस तर इथे शिकलेलं सगळं बोटं विसरतील. त्या गेल्यावर माझ्याकडे उरणार होतं ते फक्त बोटांतच, म्हणून हे मी मनाशी घट्ट बांधून ठेवलं.

बाबा नाही म्हणाले नाहीत. एका सकाळी दुकान बंद ठेवून ते माझ्याबरोबर नागपूरला, सीताबर्डीच्या एका वाद्यांच्या दुकानात आले. तिथे दोन पियानो शेजारी शेजारी ठेवले होते. एकावर लाल-हिरवे दिवे होते, तबल्याचे ठेके होते आणि पट्टी नुसती फुंकर मारल्यासारखी खाली जायची. दुसरा काळा, मुकाट, पट्ट्या भारी. मी त्याच्यावर हात ठेवला आणि मॅडमच्या खोलीत गेल्यासारखं झालं. बाबांनीही एक पट्टी दाबून पाहिली. लगेच आठ्या.

"हे तं जाम चालते. तेलपानी केलं नाई काऊन याचं?"

"अंकल, इसका ऐसाच रहता। असली पियानो जैसा," दुकानदार म्हणाला.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "जुना माल हाय. तो हलका पाह्य ना, कसा लोन्यासारखा चालते."

मी हटून बसले. बाबांनी ती भारी पट्टी आणखी एकदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "तुले वाजवाचा हाय, तूच पाह्य." काळा पियानो घरी आला.

पुढचे दिवस मी झपाटल्यासारखी वाजवत होते. ओट्यावर सराव केलेली बोटं संध्याकाळपर्यंत ठणकायची, मग मी ती गरम पाण्यात बुडवून बसायची. बाबा दारातून बघायचे.

मॅडम गावी निघाल्या त्या दिवशी त्यांना निरोप देऊन मी सेवाग्रामहून परत आले, तर पियानो वर्तमानपत्रावर उघडा पडलेला आणि शेजारी मशीनच्या तेलाची कुपी. बाबांचा चेहरा खुललेला होता. "आता पाह्य, कसा चालते!"

मी पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच बसली, मग आळस दिल्यासारखी हळूहळू वर आली. दुसरी तशीच. तिसरीही. पट्ट्यांखालच्या लोकरी गाद्यांत तेल मुरून सगळं चिकट झालं होतं. मी किंचाळले. तोंडाला येईल ते बोलले.

"तुहे बोटं दुखून राह्यले व्हते," बाबा एवढंच म्हणाले आणि त्या रात्री न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी दुकानातून ते मलमलीचे तुकडे कापून घेऊन आले. रोज संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून, चष्मा नाकावर आणून, ते एकेका पट्टीखालचं तेल पुसून काढायचे. मी शेजारी बसायची. एक पट्टी झाली की विचारायचे, "झाली का जड?" मी दाबून बघायची. "झाली." मग पुढची. जन्मभर मशिनी हलक्या करणारा माणूस माझ्यासाठी पट्ट्या जड करत होता, आणि माझा राग कधी विरघळला ते मला कळलंच नाही.

डाव्या टोकाची शेवटची पट्टी काही केल्या सुधारेना. बाबांनी ती कितीदा पुसली. मान अवघडली होती त्यांची.

"झाली का जड?"

"झाली, बाबा," मी म्हणाले.

आता बाबा नाहीत, दुकानही नाही. पियानो मात्र माझ्या घरी आहे. परवा दुरुस्तीवाला म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, ही टोकाची एक पट्टी तेवढी बदलून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही.