अबोली की सोनटक्का

आमच्या आतोबांइतका निःपक्षपाती माणूस मुरुडपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा नसेल, आणि अशा माणसाबरोबर संसार करण्याइतकं जिकिरीचं काम नाही. यातलं पहिलं मत माझं आणि दुसरं माझ्या आत्याचं. आतोबा म्हणजे तिचे यजमान. उभी नोकरी लाँचच्या तिकीटखिडकीत काढलेल्या या माणसाने कुठल्याही वस्तूला नुसतं चांगलं किंवा नुसतं वाईट म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कशाच्या मानानं?" छत्री घ्यायची तर दोन आणायच्या, जाताना एक उघडायची, येताना दुसरी. एकदा ताप आला तेव्हा त्यांनी दोन डॉक्टरांची औषधं तीन-तीन दिवस आळीपाळीने घेतली. सातव्या दिवशी ताप कंटाळून निघून गेला, आणि आता श्रेय कुणाला द्यायचं या काळजीने हे पुढे आठवडाभर नीट जेवले नाहीत. आत्याला बघायलाही म्हणे ते दोनदा आले होते. "मदी कुनाला तरी बगून आलंवतं," असं ती अजून सांगते. "कोन व्हती ती, इतकी वर्सं इचारतंय, सांगत न्हाय. मी पास झालंय येवढंच म्हाईत हाय."

अशा माणसाला मी सहज म्हणून एक प्रश्न विचारला, हीच माझी चूक. काशीदजवळ वाटणीला आलेल्या जागेत मी घर बांधायला काढलं होतं. गणपतीला मुरुडला त्यांच्याकडे गेलो असताना, आरती संपून प्रसाद हातात पडेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आतोबा, फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी फुलझाडं लावीन म्हणतो. अबोली लावू की सोनटक्का?"

आतोबांनी हातातलं तबक खाली ठेवलं. "घाय हाय का?"

"छे हो, अजून भिंतीसुद्धा उभ्या नाहीत."

"मंग दोन पावसाळं दे मला."

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते एसटीने माझ्या जागेवर आले आणि सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्यांत तिथली माती भरून मुरुडला घेऊन गेले. कंडक्टरने विचारलं म्हणे, "काका, मुरुडात माती न्हाय का?" तर आतोबांनी त्याला सांगितलं, "हाय ना. पन झाडं हितं लावायची हायेत, तितल्या मातीनं सांगून काय उपेग?" परसदारी त्यांनी दोन वाफे केले, एकात अबोली, एकात सोनटक्का. अंतर तेवढंच, ऊन तेवढंच, सकाळी तांब्या एकच आणि तो दोघांना मोजून तितक्याच वेळा. मासळी धुतलेलं पाणीसुद्धा आत्याने निम्मं-निम्मं ओतायचं, अशी सक्त ताकीद. व्हायचं तेच झालं. सोनटक्क्याला पायाशी कायम ओल लागते आणि अबोलीला पाणी साचलेलं सोसत नाही. सोनटक्का ढिम्म राहिला, अबोलीची मुळं कुजली. समान न्याय करायचा की ज्याला जेवढं हवं तेवढं द्यायचं, या पेचात त्यांचा पहिला पाऊस गेला. अबोली पुन्हा लावावी लागली. "चूक माझी," ते मला फोनवर म्हणाले, "झाडांची न्हाय. पयलं वरीस धरू नको."

दुसऱ्या वर्षी त्यांनी झाडांना ज्याच्या त्याच्या तहानेप्रमाणे पाणी द्यायचं ठरवलं आणि परीक्षा फुलांची घेतली. दारावर मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या कोळणीला त्यांनी गळ घातली, की अंबाड्याच्या डाव्या बाजूला अबोलीचा वळेसर माळायचा, उजव्या बाजूला सोनटक्का, आणि दिवसभर बाजार करून संध्याकाळी दाखवायला यायचं. आतोबा मर्यादेने चार हात लांब उभे राहत आणि आत्या तिच्या मानेमागे जाऊन निकाल वाचून दाखवी. चार दिवस त्या बाईने सोसलं. पाचव्या दिवशी ती पाटी उतरवून म्हणाली, "बाबा, सगला बाजार मना हसतंय. इचारतान, अर्दा अंबाडा म्हायेरचा न अर्दा सासरचा हाय का?" सोनटक्का संध्याकाळपर्यंत मलूल होऊन पिवळा पडे, अबोली दुसऱ्या दिवशीही तशीच. दुसरा कुणी असता तर इथेच निकाल लावून मोकळा झाला असता. आतोबा मात्र म्हणाले, "अबोली टिकते खरी. पन बाई आंगनात आली की सोनटक्का आदी कळतो, बाई मागनं दिसते."

हे सगळं मला दर रविवारी सकाळी फोनवर कळायचं. "आज अबोली सतरा. सोनटक्का चारच, पन चारांनी घर भरलंय. हे मोजू कसं, सांग." मी फोन स्पीकरवर टाकून पेपर वाचत बसे आणि मधूनमधून "हं" म्हणे. मला वाटे, म्हाताऱ्याचा वेळ जातोय, आपलं काय जातंय? आज त्या प्रत्येक "हं"ची मला लाज वाटते. दोन वर्षं एक माणूस माझ्या अंगणाचा विचार करत होता. मी स्वतः त्याचा एकदाही केला नव्हता.

वास्तुशांतीच्या आधी कंत्राटदार म्हणाला, "साहेब, पुढं सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. चिखल नाही, गाडीपण आरामात वळेल." मी अर्ध्या मिनिटात हो म्हटलं. फाटकापासून पायरीपर्यंत बोटभर माती उरली नाही. नेमक्या त्या दिवसांत आत्याचा पाय मुरगळला होता, त्यामुळे वास्तुशांतीला दोघंही आली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. फोन चालूच होते. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत मी सगळा श्रावण आणि भाद्रपद काढला.

नवरात्र संपल्यावर ते न कळवता आले. हातात ओल्या गोणपाटात बांधलेलं गाठोडं होतं. फाटकात ते थांबले, पायांखाली बघितलं, मग पायरीपर्यंत नजर नेली, उजवीकडून एकदा आणि डावीकडून एकदा. मी धावत पुढे गेलो आणि कंत्राटदार, चिखल, बायकोची कंबर असं तोंडाला येईल ते बोलत सुटलो. बायकोची कंबर तर ठणठणीत होती. आतोबांनी ऐकून घेतलं.

"गाडी वळते का नीट?"

"वळते."

"मंग बरं झालं."

चहा होईपर्यंत गाठोडं त्यांच्या मांडीवरच होतं. त्यात सोनटक्क्याचे कंद होते की अबोलीची रोपं, हे बाहेरून कळत नव्हतं आणि विचारायची माझी छाती झाली नाही. गाडीने मुरुडला सोडतो म्हटलं, तर म्हणाले, "एसटी हाय ना." ते गाठोडं त्यांनी परत नेलं.

त्यानंतर रविवारचा फोन आला नाही. पहिले दोन रविवार मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या रविवारी पेपर उघडाच राहिला. शेवटी मी गडी बोलावून दोन्ही बाजूंच्या ब्लॉकची एकेक रांग उखडून घेतली, खालची माती खणून मोकळी केली आणि मुरुडला गेलो. आत्या दारातच हळू आवाजात म्हणाली, "पानी घालतं रोज. मोजत न्हाय आता." परसात दोन्ही वाफे एकमेकांत शिरले होते आणि आतोबा पाटावर बसून नारळ सोलत होते.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "चुकलं माझं, आतोबा," म्हणालो. "जागा केलीय आता. दोन्ही बाजूंनी. सांगा, काय लावू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते मायेनेच बघत होते. तिकीट मागणाऱ्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं नम्रपणे ते म्हणाले, "तुला आवडंल ते लाव."

इतक्या लवकर उत्तर त्यांनी आयुष्यात कुणालाच दिलं नव्हतं.